नवा भाग बसवला आणि संगणक सुरू होईना: तो नेमका कुठे थांबतो ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरातील एका गृहस्थांकडे २०१८ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे: आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, बी३६० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांनी एका रविवारी आणखी ८ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवरच बसणारी वेगवान डिस्क) आणि आठ पिनांची जोडणी असलेले ग्राफिक्स कार्ड असे तीन भाग एकाच बैठकीत बसवले. बटण दाबल्यावर पंखे फिरले, बीप वाजत राहिला, डिस्प्ले मात्र आला नाही. मग त्यांनी नवी रॅम व ग्राफिक्स कार्ड काढले आणि मदरबोर्डवरचा गोल सेल काही वेळ काढून परत लावला. त्यानंतर पडद्यावर अक्षरे आली, परंतु विंडोज न उघडता ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढाच संदेश दिसतो. जवळच्या एका दुकानात मदरबोर्ड गेला असे सांगण्यात आले. तो खरोखर गेला आहे का, आणि हार्ड डिस्कवरील दहा-बारा वर्षांचे कौटुंबिक फोटो वाचतील का, असे त्यांनी विचारले आहे.

आपण जो संदेश लिहून पाठवला आहे, तोच मदरबोर्ड जिवंत असल्याचा पुरावा आहे. ते वाक्य विंडोजचे नाही. ते मदरबोर्डवरील बायोसचे, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागे करणाऱ्या प्रोग्रामचे आहे, आणि ते लिहिण्याआधी बायोसने प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले यांची तपासणी पार पाडलेली असते. एखादा स्लॉट किंवा एखादा पोर्ट खराब असण्याची शक्यता मी नाकारत नाही, पण एवढ्या पुराव्यावर अख्खा बोर्ड बदलायला सांगणे ही घाई झाली. फोटोंविषयी सांगायचे तर, विंडोज जिथून सुरू करायचे ती डिस्क बायोसला सापडली नाही, अथवा सापडली पण तिच्यावरून सुरुवात करण्याची पद्धत सध्या बंद आहे, एवढेच त्या संदेशातून कळते. फायली पुसल्या गेल्याची त्यात कोणतीही खूण नाही. खरा धोका पुढच्या माणसाच्या ‘विंडोज नव्याने टाकून देतो’ या वाक्यात आहे, म्हणून फोटोंची दुसरी प्रत हाती येईपर्यंत ती हार्ड डिस्क कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका.

गेली बावीस वर्षे मी इंदुरात संगणक दुरुस्त करतो. नवा भाग बसवल्यावर बंद पडलेली यंत्रे माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यांत नवा भागच सदोष निघाल्याचे प्रसंग मोजकेच आठवतात. बहुतेक वेळा नवा भाग आणि जुना भाग दोन्ही ठणठणीत असतात, मात्र नव्याच्या येण्याने विजेची वाटणी, जोडणीची जागा किंवा बायोसमधील एखादी मांडणी बदललेली असते. आपल्याकडे तीन भाग एकाच वेळी बसवल्यामुळे अशा दोन-तीन अडचणी एकमेकींवर चढल्या आहेत. बीप वाजत राहणे ही एक अडचण होती आणि ‘बूट डिव्हाइस’चा संदेश ही दुसरीच आहे, पहिली सोडवताना दुसरी हातून तयार झाली असावी, असा माझा अंदाज आहे. तो का, ते क्रमाने सांगतो.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत संगणक ठरावीक टप्प्यांतून जातो. आधी एसएमपीएस योग्य व्होल्टेज देतो. मग बायोस स्वतःची तपासणी करतो, जिला ‘पोस्ट’ म्हणतात. तीत प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले पाहिले जातात. त्यानंतर बायोस सुरुवातीची डिस्क शोधतो, तिच्यावरील छोटासा लोडर चालवतो, आणि तिथून पुढे विंडोज सूत्रे हाती घेऊन एकेक ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) चढवते. पंखेसुद्धा फिरत नसतील तर दोष विजेचा. पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, तर गाडी पोस्टमध्ये अडकली आहे. पांढऱ्या अक्षरांत डिस्कविषयीचा संदेश आला तर पोस्ट पार झाले. निळा पडदा आला तर विंडोजपर्यंत मजल गेली आहे आणि मदरबोर्डवर संशय घेण्याचे कारण बरेच कमी झाले. बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे लिहिलेले चार छोटे दिवे असतात; ज्या टप्प्यावर अडथळा आहे त्याचा दिवा पेटलेला राहतो. आपल्या बोर्डवर असे दिवे असतील तर बीप मोजण्यापेक्षा त्यांच्याकडे पाहावे, कारण बीपची भाषा प्रत्येक बायोस कंपनीची वेगळी असते. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष. हाच अर्थ दुसऱ्या कंपनीच्या बायोसला लावला तर माणूस चुकीचा भाग उघडून बसतो.

आता रॅमचे पाहू. बीप वाजत राहिला आणि रॅम व कार्ड काढल्यावर थांबला, म्हणून संशय या दोघांवरच जातो. त्यातही रॅमवर अधिक, कारण नुसते कार्ड असते तर पुष्कळदा बीपऐवजी शांत काळा पडदा दिसतो. डीडीआर४ रॅमच्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात आणि ती बसवायला नवख्या माणसाला भीती वाटावी इतका जोर लागतो. दोन्ही टोके पूर्ण खाली जाऊन खिट्टी ‘कट्’ असा आवाज करत बसली पाहिजे. काही बोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते, तिथे दुसरे टोक अर्धवट राहून जाते आणि वरून पाहिले तर सारे ठीक दिसते. बोर्डवर चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात, आणि मॅन्युअलमध्ये वेगळे काही लिहिले असेल तर ते मानावे. नव्या पट्टीवर ३२०० लिहिले असेल तर काळजी नको. आपला प्रोसेसर आणि बी३६० बोर्ड तिला २६६६ च्या वेगाने चालवतील.

तपासणी अशी करावी: जुनी पट्टी काढून ठेवून एकटी नवी पट्टी त्याच स्लॉटमध्ये लावावी, ज्या स्लॉटमध्ये जुनी चालत होती. चालली तर पट्टी चांगली आहे. मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली की स्लॉटचीही परीक्षा होते. रॅम बदलल्यावर पहिल्या खेपेस यंत्र नेहमीपेक्षा उशिरा उठते, प्रसंगी स्वतःहून एक-दोनदा बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि नव्या डीडीआर५ बोर्डांवर तर काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. घाबरून मध्येच बटण दाबले की ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पट्टीच्या सोनेरी कडेला खोडरबर फिरवण्याची आपल्याकडची पद्धत पुस्तकी लोकांना आवडत नाही. मीही आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरतो, पण घरी ते नसेल तर पांढरे मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवून त्याचा चुरा ब्रशने पूर्ण झाडून टाकला तर नुकसान होत नाही. तो चुरा स्लॉटमध्ये पडला, तर मात्र आधी नव्हता तो दोष तयार होतो. दोन्ही पट्ट्या लावून यंत्र उठले तरी मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. रॅमच्या बाबतीत ‘एखादीच चूक’ चालवून घेता येत नाही. तीच एक चूक पुढे डिस्कवर चुकीचा मजकूर लिहू शकते.

ग्राफिक्स कार्डाचे गणित विजेचे आहे. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो आणि आठ पिनांची जोडणी १५० वॅटपर्यंत देते. ही आठ पिनांची केबल थेट एसएमपीएसमधून आली पाहिजे. केबल नसल्यामुळे दुकानातून साटा पॉवरची (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या जोडणीची) आठ पिन करणारा जोड आणला असेल, तर तो लगेच काढून ठेवा. साटा पॉवरच्या जोडणीतून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट नेण्याची सोय असते. त्याहून अधिक ओढले तर प्लास्टिक वितळते. प्रोसेसरजवळ लागणारी चार अधिक चारची केबल आणि कार्डाला लागणारी सहा अधिक दोनची केबल दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतील तारांची मांडणी उलट असते. खाचांचे आकार वेगळे ठेवलेले असूनही जोर लावून बसवलेल्या मी पाहिल्या आहेत. याशिवाय दोन साध्या गोष्टी पाहाव्यात. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावली होती का? कार्ड दिसले की बायोस बहुधा डिस्प्ले आपोआप तिकडे वळवतो आणि मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट बंद होतो. केबल जुन्याच जागी राहिली तर यंत्र पूर्ण सुरू झालेले असूनही पडदा काळाच दिसतो. दुसरी गोष्ट कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूची. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा किंचित वाकडा असतो, आणि स्क्रू घट्ट आवळताना कार्डाचे दुसरे टोक स्लॉटमधून केसभर वर उचलले जाते. स्क्रू आवळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा टॉर्च मारून पाहावे.

एसएमपीएस ४५० वॅटचा आहे हे त्याच्या खोक्यावरचे वाक्य झाले. महत्त्वाची असते ती त्याच्या लेबलवरील १२ व्होल्टची ओळ, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघेही प्रामुख्याने तिथूनच जेवतात. त्या ओळीतील अँपिअरना १२ ने गुणले की खरे वॅट कळतात, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये हा आकडा ४५० पेक्षा बराच खाली उतरतो. सात वर्षांहून अधिक वापरलेल्या एसएमपीएसवर नवे कार्ड चढवण्याआधी मी तरी तो बदलण्याचाच सल्ला देतो. सिल्व्हर मॉलमध्ये ओळखीचा दुकानदार असेल तर तपासणीपुरता चांगला एसएमपीएस मागून आणावा. त्यावर यंत्र चालले तर निदान तिथेच झाले.

विजेच्या याच साखळीत एक कडी सगळे विसरतात, ती म्हणजे यूपीएस. आपल्याकडे घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो, आणि त्यावर बारीक अक्षरांत बहुधा ३६० वॅट लिहिलेले असते. जुन्या संगणकाला तेवढे पुरत होते. कार्ड आल्यावर संगणक सुरू तर होतो, पण गेम उघडताच किंवा वीज गेल्याच्या क्षणी यूपीएस शिटी वाजवून सारे बंद करतो, आणि आळ नव्या कार्डावर येतो. म्हणून सगळी तपासणी होईपर्यंत संगणक यूपीएसवर न ठेवता थेट भिंतीच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावावा, आणि त्या सॉकेटला अर्थिंग आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजून आधी ते काम करून घ्यावे.

एसएमपीएस बदलण्याची वेळ आलीच तर माझ्या हातून झालेली एक चूक सांगून ठेवतो. ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात, त्यांत मी एकदा वेळ वाचवण्यासाठी जुन्या कंपनीच्या केबली तशाच कॅबिनेटमध्ये ठेवून फक्त नवा डबा बसवला. केबल खाचेत नीट बसली, पण दोन कंपन्यांच्या तारांचा क्रम वेगळा होता, आणि बटण दाबताच ग्राहकाच्या दोन हार्ड डिस्क जळाल्या. डिस्कचे पैसे मी भरून दिले. त्यांच्यावरचा हिशेब परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून डबा बदलला की त्याच्यासोबत आलेल्याच केबली वापरतो, मग त्या ओवायला कितीही वेळ लागो.

आता आपल्या सध्याच्या संदेशाकडे वळतो, कारण खरी गाठ इथे आहे. चिरंजीवांनी सेल काढला, तेव्हा बायोसमध्ये २०१८ साली केलेल्या सगळ्या मांडण्या पुसल्या गेल्या आणि कारखान्यातल्या मूळ मांडण्या परत आल्या. डिस्प्ले येत नसताना सेल काढणे हा रूढ उपाय आहे आणि तो चुकीचाही नाही. मात्र त्यानंतर बायोसमध्ये जाऊन जुन्या मांडण्या पुन्हा कराव्या लागतात, हे सांगणारे कमी भेटतात. त्या काळात बसवलेली पुष्कळ विंडोज ‘लेगसी’ या जुन्या पद्धतीने आणि एमबीआर या जुन्या प्रकारे विभागलेल्या डिस्कवर टाकलेली असत. मूळ मांडणीत बायोस केवळ ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीने डिस्क शोधत असेल, तर त्याला ती हार्ड डिस्क दिसते पण तिच्यावर सुरुवातीचा लोडर सापडत नाही. बायोसमध्ये ‘सीएसएम’ नावाची, जुन्या पद्धतीला वाट देणारी ओळ शोधून ती चालू करावी, बूटच्या क्रमात जुनी हार्ड डिस्क पहिली ठेवावी, आणि एफ१० दाबून जतन करावे. माझा अंदाज बरोबर असेल तर विंडोज इथेच उघडेल.

नाही उघडली तर आधी पाहायचे की बायोसच्या यादीत हार्ड डिस्कचे नाव तरी दिसते का. दिसत नसेल तर नव्या एसएसडीकडे बोट जाते. काही मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट (जिथे अशी एसएसडी बसते) आणि साटाचा (हार्ड डिस्कच्या केबलचा) एखादा पोर्ट एकच वाट वाटून घेतात. स्लॉट भरला की तो पोर्ट मुकाट्याने बंद होतो. कोणता पोर्ट आणि कोणत्या प्रकारच्या एसएसडीमुळे, हे मॅन्युअलमध्ये छोट्या तक्त्यात दिलेले असते. हार्ड डिस्कची केबल त्या पोर्टमधून काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावली की डिस्क परत दिसते. साटाची केबल स्वतः सैल झालेली असणे हेही तितकेच शक्य आहे, कारण कार्ड बसवताना कोपर तिथेच लागते. दिवाळीच्या साफसफाईनंतर माझ्याकडे येणाऱ्या संगणकांत निम्मे काम या एका केबलचे असते.

तिसरी शक्यता साटाच्या पद्धतीची. बायोसमध्ये साटा ‘एएचसीआय’ किंवा ‘रेड’ अशा दोन प्रकारे चालू शकतो, आणि विंडोज ज्या प्रकारावर बसवली त्याच प्रकारावर उठते. सेल काढल्यामुळे हा प्रकार बदलला असेल तर विंडोजचा लोगो येऊन निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे दिसेल. हा पडदा पाहून अनेक जण विंडोज नव्याने टाकायला बसतात. बायोसमधली एक ओळ परत फिरवली की काम होते. एखादा पेनड्राइव्ह मागे लावून ठेवला नाही ना, हेही पाहून घ्यावे. सात वर्षांचा सेलही बदलून टाकावा; तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो आणि घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. सेल अशक्त असेल तर मुख्य वीज बंद होताच सगळ्या मांडण्या पुन्हा पुसल्या जातील आणि आज सोडवलेला दोष उद्या सकाळी परत दारात उभा राहील. नव्या सेलनंतर तारीख-वेळ दुरुस्त करायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणू लागेल.

विंडोज उघडली की सर्वांत आधी फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. एसएसडीचा विचार त्यानंतर. इथे मला थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण पुढची फसगत नेमकी इथेच होते. एनव्हीएमई एसएसडीवरून विंडोज सुरू करायची तर व्यवहारात यूईएफआय पद्धत लागते. आपली जुनी डिस्क लेगसी पद्धतीची निघाली आणि तिची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर केली, तर नक्कल यशस्वी झाल्याचा संदेश येईल, पण एसएसडीवरून यंत्र उठणार नाही. म्हणून आधी जुन्या डिस्कवरच रूपांतर करावे. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन विंडोजमध्येच दिलेले आहे. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन नसतील तर ते फायलींना हात न लावता डिस्कचा प्रकार एमबीआरवरून यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीवर बदलते. आधी त्याच्याकडून केवळ पडताळणी करून घ्यावी, ती पार पडली तरच रूपांतर करावे, मग बायोसमध्ये सीएसएम बंद करून जुन्या डिस्कवरून विंडोज उघडते हे पाहावे, आणि त्यानंतरच नक्कल करावी. विंडोज ११ कडे जायचे असेल तर या कामाचा दुहेरी उपयोग आहे: विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ ला यूईएफआय व टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागते. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर त्या यादीत बसतो आणि टीपीएमची सोय बायोसमध्ये ‘पीटीटी’ या नावाने सापडते.

नक्कल झाल्यावर पहिल्यांदा एसएसडीवरून सुरू करताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी. दोन्ही डिस्कांवर सारख्याच ओळखखुणा असल्यामुळे विंडोज कोणती उघडली याचा घोळ होतो आणि बायोस पुन्हा जुनीच पकडतो. नक्कल न करता एसएसडीवर नवी विंडोज टाकायचे ठरवले तरी जुनी डिस्क काढूनच ठेवावी. दोन्ही लावून विंडोज टाकली, तर सेटअप पुष्कळदा सुरुवातीचा लोडर जुन्या डिस्कवर ठेवतो आणि विंडोज नव्या डिस्कवर. सगळे सुरळीत चालते, आणि वर्षभराने कोणी ‘आता ही जुनी हार्ड डिस्क कशाला हवी’ म्हणून ती काढतो, तेव्हा संगणक उठत नाही. रामबागेतील एका आजोबांनी अशी काढलेली डिस्क भंगारात देण्याआधी सुदैवाने फोन केला होता.

विंडोज सुरू होताना अडली तर काम तुलनेने हलके असते. सलग काही वेळा सुरुवात अयशस्वी झाली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा आणते. त्यातून सेफ मोडमध्ये जाऊन ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर काढावा आणि नवा, कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडूनच घेतलेला, टाकावा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ लिहिलेला निळा पडदा आला तर ड्रायव्हरआधी रॅमकडे परत जावे. ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश येऊन एफ१ मागितला जात असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. प्रोसेसरच्या पंख्याची वायर काम करताना निघाली आहे किंवा कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी लागली आहे. परंतु एफ१ दाबून पुढे जाण्याआधी तो पंखा खरोखर फिरतो आहे हे डोळ्यांनी पाहावे.

बिटलॉकरविषयी, म्हणजे डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीविषयी, एक सावधानता नोंदवतो. आपल्या यंत्रावर तो बहुधा नसेल, पण चिरंजीवांच्या किंवा त्यांच्या मित्रांच्या लॅपटॉपवर तो चालू असण्याची शक्यता मोठी आहे. अशा यंत्रात बायोसची मांडणी, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलला की विंडोज ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती नसेल तर डिस्कवरील मजकूर कोणालाही, मलासुद्धा, उघडता येत नाही. ती किल्ली पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी. प्रोसेसर बदलल्यावर काही एएमडी बोर्ड पडद्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधील टीपीएम) पुसायचे का, असे विचारतात. किल्ली हाती नसेल तर तिथे ‘वाय’ दाबू नये.

आता आपल्यापुरता क्रम सांगतो. यंत्र हाताळण्याआधी विंडोज चालू स्थितीत असेल तर शिफ्ट धरून ‘शट डाउन’ करावे, कारण साध्या शट डाउनमध्ये विंडोज आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवते आणि बदललेल्या यंत्रावर तोच उठवू पाहते. त्यानंतर भिंतीची पिन काढून बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. माळव्यातल्या कोरड्या जानेवारीत लोकरीचा स्वेटर घालून, गालिच्यावर बसून रॅमला हात लावू नये. सुती कपडे, उघडी फरशी, आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श. एसएसडी सध्या काढून ठेवा. जुनी रॅम, जुनी हार्ड डिस्क, कार्ड नाही, मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला, अशा २०१८ च्या अवस्थेत यंत्र आणून सीएसएम आणि साटाच्या ओळी तपासा. विंडोज उघडली की फोटोंची प्रत. मग नवी रॅम, आणि दोन दिवस वापर. मग, एसएमपीएसचा निकाल लागल्यावर, कार्ड. एसएसडी आणि तिचे रूपांतर शेवटी. एका वेळी एकच भाग, आणि प्रत्येक भागानंतर यंत्र दोनदा पूर्ण बंद करून सुरू करून पाहायचे. दुसऱ्या सुरुवातीला काही दोष उघडे पडतात जे पहिल्या खेपेस लपून राहतात.

एवढे करूनही संदेश तोच राहिला तर मला तीन गोष्टी कळवा: बायोसच्या ‘बूट’ पानाचा मोबाइलने काढलेला फोटो, मदरबोर्डवर स्लॉटांच्या मधे छापलेला मॉडेल क्रमांक, आणि एसएमपीएसच्या लेबलवरील १२ व्होल्टची ओळ. मदरबोर्ड बदलण्याची ऑर्डर दिली असेल तर तोपर्यंत थांबायला सांगा.